बीपी दोन्ही हातांचं बघा हो

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

१९ मे च्या जागतिक आयबीडी दिनाला तुमच्या आरोग्य पुरवणीत आतड्याच्या सुजेवर, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्सवर पानभर लेख आला होता. लेख चांगला होता, मी कापून ठेवलाय. पथ्य, कोलोनोस्कोपी, गोळ्या मधेच बंद करू नका हे सगळं आलं होतं, सांधे आणि डोळ्यांवर पण दोन ओळी होत्या. पण रक्तवाहिन्यांच्या सुजेबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि आमच्या घरात गेली दोन वर्षं त्यातच गेली म्हणून हे पत्र लिहितेय. मी डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. जे लिहितेय ते मुलीच्या फायली, डॉक्टरांनी समजावलेलं आणि रात्ररात्र बसून वाचलेलं यातून आलेलं आहे.

माझ्या मुलीला २१ व्या वर्षी कोलायटिस निघालं. संडासला रक्त पडायचं तर आधी चार महिने मूळव्याध म्हणून औषध चाललं होतं, तो वेगळा विषय, त्यात जात नाही. मग पुण्याला कोलोनोस्कोपी झाली, निदान झालं, मेसालाझिन सुरू झालं, नंतर अझाथायोप्रिन पण. पोट हळूहळू ताब्यात आलं, नोकरी लागली, आम्ही सुटकेचा श्वास सोडला.

दोन वर्षांपूर्वी गौरी-गणपतीला ती घरी आली होती. सकाळी गच्चीत कपडे वाळत घालत होती आणि दोरीवर तिसराच टॉवेल टाकताना डावा हात खाली सोडून तशीच उभी राहिली. मी विचारलं काय गं, तर म्हणाली आई हात गळूनच जातो, खाली धरला की दोन मिनिटांत बरा होतो. मग माझ्या लक्षात आलं की ती वेणी पण घालत नाहीये, नुसता क्लिप लावतेय, कारण हात वर धरवत नव्हता. तेव्हा आम्हाला वाटलं लॅपटॉपमुळे असेल. जिथे दाखवलं तिथेही मानेचं दुखणं सांगितलं, एक्सरे झाला, फिजिओथेरपी सुरू झाली.

आता पुढचं जरा बारकाईने सांगते कारण ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांना इथे खूण सापडेल. त्याच सुमारास पोट परत बिघडलं म्हणून स्टेरॉइड ४० मिलिग्रॅमने सुरू केलं. आठ-दहा दिवसांत हाताचं दुखणं पण गायब. आम्ही खुश, आम्हाला वाटलं फिजिओथेरपीने गुण आला, मी तर त्या ताईंना पेढे नेऊन दिले. मग स्टेरॉइड कमी करत करत १० च्या खाली आणलं आणि हात परत गळायला लागला. स्टेरॉइड चढलं की हात बरा आणि उतरलं की दुखणं सुरू, हे इतकं समोर दिसत होतं, पण पोटाच्या फाईलमधे हाताचं काही लिहिलंच जात नव्हतं आणि हाताच्या फाईलमधे स्टेरॉइडचं, मग जोडणार कोण?

दुसरी खूण रिपोर्टमधे होती. पोट शांत झालं होतं, संडासच्या तपासणीत आतड्याची सूज दाखवणारं कॅलप्रोटेक्टिन छान खाली आलेलं, कोलोनोस्कोपीतही आतडं भरून आलेलं, पण रक्तातलं सीआरपी आणि ईएसआर (अंगात कुठेही सूज असली की हे आकडे चढतात) काही खाली येईना. प्रत्येक वेळी एकच उत्तर, कोलायटिस आहे ना, त्यामुळे असणार. आता कळतं की आतडं शांत असताना सीआरपी चढलेलं असेल तर सूज आणखी कुठेतरी असू शकते आणि ती शोधायला हवी.

आणि तिसरी खूण तर बीपीच्या मशीननेच दिली होती. हिमोग्लोबिन कमी म्हणून तिला आयर्नचं सलाईन लावायला एका मोठ्या हॉस्पिटलच्या डे-केअरमधे नेत होतो (नाव घेत नाही, माणसं कष्टाळू होती). सिस्टर यायच्या, डाव्या हाताला पट्टा बांधायच्या, मशीन घर्रर्र करून फुगायचं आणि एरर दाखवायचं. परत फुगवायचं, परत एरर, नाहीतर ८० च्या आसपास काहीतरी. मग सिस्टर म्हणायच्या "हा हात दाखवतच नाहीये, दुसरा दे गं बाळा", उजव्या हाताला पट्टा बांधायच्या, १२० च्या घरात यायचं, ते कागदावर उतरवायच्या आणि पुढच्या बेडकडे जायच्या. असं तीन वेळा झालं. तिन्ही वेळा मी तिथे शेजारच्या खुर्चीत बसले होते, मीही मशीनलाच दोष देत होते. त्या सिस्टरांवर माझा राग नाही, एका पाळीत वीस-वीस पेशंट बघायचे असतात त्यांना, पण चार्टवर बीपीचा एकच रकाना होता, त्यामुळे न लागलेला आकडा लिहायला जागाच नव्हती.

शेवटी पकडलं ते एका शिकाऊ डॉक्टरने. जेमतेम पंचवीस-सव्वीसचा मुलगा असेल. ॲडमिट करताना त्याने उजवं मनगट धरलं, मग सवयीने डावं धरलं आणि तिथे थांबला. बोटं जरा सरकवली, परत दाबून बघितली, परत उजवं धरलं. मला म्हणाला "काकू, हिची डाव्या हाताची नाडी लागत नाहीये". मग स्टेथोस्कोप तिच्या गळपट्टीच्या हाडावर, डाव्या बाजूला टेकवला आणि मला पण ऐकवलं. ठोक्यागणिक फुस्स फुस्स असा वारा गेल्यासारखा आवाज येत होता, उजव्या बाजूला काहीच नाही. त्याने दोन्ही हातांचं बीपी साध्या पाऱ्याच्या मशीनवर घेतलं, उजवीकडे वरचं १२८ आणि डावीकडे ८४. त्याच संध्याकाळी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन झाला. डाव्या हाताला रक्त नेणारी सबक्लेव्हियन धमनी सुजून अगदी दोऱ्यासारखी बारीक झालेली. ताकायासू आर्टेरायटिस.

हे नाव आम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. रक्तवाहिनीच्या भिंतीला सूज येते त्याला व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. घरातल्या नळाला आतून क्षार धरून धार बारीक होते तसं रक्त कमी पडायला लागतं, फक्त इथे आत काही साचलेलं नसतं, भिंतच सुजून जाड होते. कोणत्या आकाराच्या वाहिन्या सुजतात त्यावर त्याचे प्रकार पडतात, आणि ताकायासूमधे हृदयातून निघणारी महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्या, म्हणजे हातांना, मानेतून मेंदूला, मूत्रपिंडांना जाणाऱ्या धमन्या धरल्या जातात. जपान, भारत अशा आशियाई देशांत हा जास्त दिसतो, आणि बहुतेक वेळा चाळिशीच्या आतल्या बायकांना होतो. नाडी लागत नाही म्हणून याला पल्सलेस डिसीज असंही म्हणतात.

या नावामागची हकीकत वाचून मला गलबलून आलं. ताकायासू हे जपानमधले डोळ्यांचे डॉक्टर, त्यांनी १९०८ मधे एका तरुण बाईच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं विचित्र कडं झालेलं मांडलं. त्यांनी डोळाच बघितला होता. त्याच सभेत ओनिशी आणि कागोशिमा या दुसऱ्या दोन डॉक्टरांनी सांगितलं की आमच्याकडच्या अशाच पेशंटची मनगटाची नाडी लागत नव्हती. शंभर वर्षांपूर्वी डोळा आणि मनगट एकत्र आलं ते तीन डॉक्टर एका खोलीत बोलले म्हणून. माझ्या मुलीचं आतडं आणि मनगट एकत्र यायला चौदा महिने लागले.

कोलायटिसचा आणि ताकायासूचा संबंध योगायोगाचा नाही, हे नंतर कळलं. जपानमधे ४७० ताकायासू पेशंटचा अभ्यास झाला त्यात ३० जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होतं, म्हणजे शंभरात सहाच्या वर, जे साध्या लोकसंख्येच्या मानाने खूपच जास्त आहे. एचएलए-बी ५२ नावाचा एक जनुकीय प्रकार दोन्ही आजारांत समान सापडतो, भारतातल्या ताकायासू पेशंटमधेही तो जास्त दिसलाय. पण याचा उलटा अर्थ कुणी काढू नका, प्रत्येक कोलायटिसवाल्याला हे होत नाही, फार थोड्यांना होतं. मी घाबरवायला लिहीत नाहीये. नाडी बघायला एक पैसा लागत नाही म्हणून लिहितेय.

आणि एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती, जी प्रत्येक पेशंटला माहीत पाहिजे. ज्या हाताची धमनी बारीक झालीय त्या हाताचं बीपी खोटं कमी येतं. मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली तर बीपी खूप चढतं, आणि ते जर दुखऱ्या हातावरच मोजत राहिलो तर मशीन नॉर्मल दाखवेल आणि आत हृदयावर, मेंदूवर भार पडत राहील. तरुण मुलींच्या बाबतीत तर बाळंतपणाचा पण प्रश्न असतो, त्या नऊ महिन्यांत खरं बीपी किती आहे हे कळायलाच पाहिजे. म्हणून आता माझ्या मुलीच्या फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहिलंय, बीपी उजव्या हातावरचंच धरावं, डावं तुलनेसाठी घ्यावं.

दुसरी तऱ्हा औषधाने होणाऱ्या सुजेची, ती पण सांगायलाच हवी. आमच्या नात्यातल्या एका मुलाला क्रोन्स आहे, त्याला अडालिमुमॅबची इंजेक्शनं चालू होती, पोट उत्तम होतं. काही महिन्यांनी दोन्ही पायांवर, घोट्यापासून वर नडगीपर्यंत, लालजांभळे ठिपके उठले. घरात कुणी म्हणालं डास चावले, कुणी म्हणालं अंगात उष्णता आहे, सब्जा पी. मेडिकलमधून खाजेची गोळी आणली. ठिपके हाताला किंचित उंच लागत होते आणि खाज फारशी नव्हतीच. तोवर आमच्या मुलीमुळे मला एवढं माहीत झालं होतं की त्याच्या आईला म्हटलं, काचेचा स्वच्छ ग्लास घे, ठिपक्यांवर दाब आणि काचेतून बघ. साधी ॲलर्जीची लाली दाबल्यावर फिकी पडते, हे ठिपके तसेच्या तसे दिसत राहिले. म्हणजे रक्त वाहिनीच्या बाहेर झिरपलेलं. दुसऱ्याच दिवशी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी ताज्या ठिपक्याची बायोप्सी घेतली, कारण दोन दिवसांवर जुना झाला की त्यातून नीट कळत नाही म्हणे, आणि लघवीची तपासणी लगेच करायला लावली. लहान रक्तवाहिन्यांची सूज निघाली, ल्युकोसायटोक्लास्टिक व्हॅस्क्युलायटिस. लघवीत रक्त किंवा प्रोटीन नव्हतं, म्हणजे किडनी वाचली होती. पोटाच्या डॉक्टरांनी ते इंजेक्शन थांबवलं, दुसरं औषध ठरवलं, पाच-सहा आठवड्यांत पाय स्वच्छ झाले.

इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही टीएनएफ नावाच्या सूज वाढवणाऱ्या पदार्थाला अडवणारी औषधं आहेत. अमेरिकेत १९९८ ला इन्फ्लिक्सिमॅबला क्रोन्ससाठी परवानगी मिळाली तेव्हापासून हजारो लोकांची आतडी कापण्यापासून वाचली असतील. काही जणांच्या शरीरात मात्र त्या औषधाविरुद्धच प्रतिपिंडं तयार होतात आणि त्यांचे गुठळे लहान वाहिन्यांच्या भिंतीत अडकून सूज येते असं मानतात. बहुतेक वेळा ती कातडीपुरतीच असते आणि औषध थांबवलं की जाते, क्वचित किडनी किंवा मज्जातंतू धरले जातात, म्हणून लघवीची साधी रुटीन चुकवायची नाही. सल्फासालाझिनच्या जुन्या गोळ्यांनीही क्वचित असं झाल्याची नोंद आहे.

आता यातली विलक्षण गोष्ट बघा. त्या मुलाला ज्या जातीच्या औषधाने सूज आली त्याच जातीचं इन्फ्लिक्सिमॅब आज माझ्या मुलीची धमनी आणि आतडं दोन्ही सांभाळतंय. सुरुवातीला ०, २ आणि ६ व्या आठवड्याला दिलं, आता दर आठ आठवड्यांनी सलाईनमधून. त्याआधी टीबी नाही ना याची तपासणी, छातीचा एक्सरे, कावीळ बी ची टेस्ट सगळं झालं. त्यामुळे कुणीही हे पत्र वाचून आपलं इंजेक्शन स्वतःच्या मनाने बंद करू नका, हात जोडून सांगते, आणि स्टेरॉइड तर एकदम कधीच तोडू नका. ठिपके आले, हात गळाला तर डॉक्टरांना दाखवा आणि औषधाचं काय ते त्यांना ठरवू द्या.

पण ते ठरवताना पोटाचे डॉक्टर आणि संधिवाताचे डॉक्टर (व्हॅस्क्युलायटिस तेच बघतात, हे पण आम्हाला माहीत नव्हतं) यांनी एकमेकांशी फोनवर तरी बोलायला हवं. मधे एकदा मुलीचं औषध बदलून व्हेडोलिझुमॅब द्यायचं चाललं होतं, पोटासाठी ते चांगलं आणि तुलनेने सुरक्षित म्हणून. संधिवाताच्या मॅडमनी सांगितलं की ते मुख्यतः आतड्यापुरतंच काम करतं, धमनीच्या सुजेसाठी त्यावर भरवसा ठेवता येणार नाही. तसंच सांध्याच्या आजारात चालणारं एटानरसेप्ट हे पण टीएनएफलाच अडवतं पण क्रोन्सला त्याचा उपयोग होत नाही. एका अवयवाच्या हिशोबाने केलेला बदल दुसऱ्या अवयवाला उघडा पाडू शकतो. आमच्या दोन डॉक्टरांचं बोलणं झालं ते मी दोघांचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून इकडून तिकडे फिरले म्हणून. ज्या पेशंटची आई शाळा सोडून फिरू शकत नाही त्याने काय करायचं?

एक छोटी गोष्ट राहिली. तपासणीत मुलीचं पी-आंका (व्हॅस्क्युलायटिसच्या संशयात करतात ती रक्ताची एक टेस्ट) पॉझिटिव्ह आलं होतं, ते आम्ही गूगलवर टाकलं आणि दोन रात्री झोपलो नाही. नंतर मॅडमनी समजावलं की अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या निम्म्याहून जास्त पेशंटमधे हे पॉझिटिव्ह येतच असतं, नुसत्या त्याच्यावरून रक्तवाहिन्यांचा आजार ठरत नाही. लॅबच्या कागदावर एक ओळ मराठीत असती तर त्या दोन रात्री वाचल्या असत्या.

संपादक साहेब, माझं मागणं फार मोठं नाही. डे-केअरच्या चार्टवर बीपीचे दोन रकाने करा, डावा हात आणि उजवा हात, पहिल्या भेटीला आणि मग वर्षातून एकदा तरी. वरच्या आकड्यात दोन्ही हातांत १० पेक्षा जास्त फरक सारखाच येत असेल, किंवा एका हाताला मशीन वारंवार एरर दाखवत असेल तर मशीन बदला पण आकडा सोडून देऊ नका, डॉक्टरांना बोलवा. इन्फ्युजनच्या, म्हणजे औषधाचं सलाईन लावायच्या आधी सलवार, पँट जरा वर करून नडग्या बघा. आणि या इंजेक्शनांसोबत जो बारीक अक्षरातला इंग्रजी कागद येतो, हातरुमालाएवढा घडी घातलेला, त्याच्याऐवजी नाहीतर निदान त्याच्यासोबत मोठ्या अक्षरातलं मराठी पान द्या की काय दिसलं तर फोन करायचा. एकेक डोस हजारो रुपयांचा आहे, एका पानाचा खर्च त्यात निघेल.

आणखी एक, औषधाने काही त्रास झाला तर त्याची नोंद सरकारकडे करता येते हे आपल्याकडे कुणाला माहीतच नाही. २०१० पासून फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया चालू आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला आहे, पेशंटला स्वतः भरता येईल असा फॉर्म आहे आणि १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर आहे. आमच्या नात्यातल्या मुलाची नोंद त्याच्या आईने अशीच केली, फोनवर नीट ऐकून घेतलं त्यांनी. हा नंबर तुम्ही चौकटीत छापलात तर बरं होईल, आणि जमलं तर एखाद्या संधिवाततज्ज्ञांकडून या विषयावर सविस्तर लेख पण लिहून घ्या. त्या लेखात नाडी कुठे आणि कशी धरायची याचं चित्र टाका.

मुलीच्या डाव्या मनगटाला आता अगदी बारीक का होईना, नाडी लागते. गेल्या महिन्यात उजवीकडे १२२ आणि डावीकडे १०४ आलं, मी वहीत लिहून ठेवलंय.

पत्राखाली माझं नाव आणि गाव छापू नये ही विनंती, मुलीची तशी इच्छा आहे.

आपली,
एक वाचक, जि. सातारा